बहिणीचं मूत्राशय आणि बावीस हजारांची जीन टेस्ट

लॅबच्या माणसाला अजून पैसे दिले नसतील, तर देऊ नका भाऊ. एका ओळीतलं उत्तर एवढंच. पण तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत, आणि ते सुटे केले नाहीत तर उद्या दुसरा कुणी दुसरी टेस्ट घेऊन दारात उभा राहील. म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही लिहिलेली हकिगत थोडक्यात अशी. बहीण ३८ वर्षांची, सासर अमळनेरला. दोन वर्षांपासून ओटीपोटात दुखतं. लघवी साठत गेली की दुखणं वाढतं, जाऊन आली की घटकाभर बरं वाटतं. रात्री चार-पाचदा उठावं लागतं. लघवीची तपासणी, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघणं), सोनोग्राफी प्रत्येक वेळी स्वच्छ, तरी अँटिबायोटिकचे कोर्स होतच राहिले. मध्यंतरी दुखणं गर्भाशयाचं ठरवून गर्भाशय काढून झालं. दुखणं होतं तिथंच आहे. मग कुणीतरी ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’, म्हणजे जंतूंशिवाय मूत्राशय दुखत राहण्याचा आजार, हे नाव काढलं, तुम्ही नेटवर शोधलं, तिथं जीन एक्स्प्रेशनचं संशोधन दिसलं, आणि त्याच सुमारास एका लॅबच्या प्रतिनिधीनं रक्ताची २२,००० रुपयांची ‘जीन टेस्ट’ सुचवली. ती करावी का, तिनं निदान पक्कं होईल का, आणि आजार जीनमधलाच असेल तर भाचीलाही होणार का, असं तुम्ही विचारलंय.

मी जळगावात मूत्रविकारांची प्रॅक्टिस करतो. त्याआधी काही वर्षं एका संशोधन प्रकल्पात होतो. मूत्राशयाची बायोप्सी घेणं आणि तिच्यातून आरएनए, म्हणजे पेशीत निघणाऱ्या जनुकांच्या प्रती, काढून पुढे पाठवणं हे काम माझ्याकडे होतं. त्यामुळे ओपीडीतली पेशंट आणि प्रयोगशाळेतली नळी, दोन्हींशी संबंध आला. तुमच्या बहिणीला मी तपासलेलं नाही. तेव्हा खाली जिथं ‘पाहावं लागेल’ असं म्हणेन तिथं टोलवाटोलवी समजू नका, उत्तर खरंच त्या तपासणीवर फिरतं.

मला तुमची खरी अडचण अशी दिसते: बाई दोन वर्षं कळा सोसतेय आणि ते एकाही कागदावर उमटलेलं नाही. ते उमटेल असा एखादा कागद तुम्हाला हवाय. साहजिकच आहे. चोपडा, पारोळा, शिंदखेड्याकडून येणाऱ्या बायका हेच विचारतात, “रिपोर्ट चांगला शे, मंग दुखस काबर?” सोबत आलेला नवरा तेव्हा खिडकीबाहेर बघत असतो, कारण घरी ‘मनाचे खेळ’ म्हणून झालेलं असतं. टेस्ट विकणारा नेमकं इथंच बोट ठेवतो.

भाचीचा प्रश्न आधी घेतो, कारण सगळ्या घोळाचं मूळ त्यात आहे. जनुकं आणि जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे तुम्ही वाचलेलं जीन एक्स्प्रेशन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या बहिणीच्या डोळ्यातल्या पेशीत आणि मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशीत जनुकं तीच आहेत, प्रथिनं बनवणारी साधारण २०,०००. फरक पडतो तो कुठल्या पेशीत कुठली जनुकं चालू आहेत आणि किती जोरात, याचा. चालू असलेल्या जनुकाच्या आरएनए प्रती निघतात आणि त्यांवरून प्रथिन तयार होतं. त्या प्रती मोजणं म्हणजे जीन एक्स्प्रेशनचा अभ्यास. नमुना घेतला त्या घडीला त्या ऊतीत काय चाललं होतं एवढंच तो सांगतो. जंतुसंसर्ग झाला, औषध बदललं, मूत्राशय पाणी भरून ताणलं, तर त्याच बाईच्या त्याच मूत्राशयातले आकडे हलतात. हे आईकडून लेकीकडे जाणारं काही नव्हे.

तुमच्या लॅबची टेस्ट रक्त घेऊन डीएनए वाचते, म्हणजे जन्मापासून आहे ते. मूत्राशयाच्या भिंतीत आज कुठली जनुकं चालू आहेत हे डीएनए वाचून कळत नाही. तुम्ही वाचलेलं संशोधन एका गोष्टीवरचं, तुम्हाला विकली जाणारी वस्तू दुसरीच, आणि दोघांच्या नावात ‘जीन’ आहे म्हणून ती खपते.

आता आनुवंशिकतेचा अंश या आजारात अजिबात नाही असं म्हणत नाही. पेशंटच्या आई-बहिणींमध्ये हा त्रास इतर बायकांपेक्षा जास्त आढळतो हे पूर्वीच दिसलंय. २०२३ साली टोकियोच्या संशोधकांनी या आजाराच्या एका विशिष्ट प्रकारात, मूत्राशयाच्या भिंतीवर व्रण असतो तो, ज्याला हुन्नर प्रकार म्हणतात, संपूर्ण जनुकसंच तपासला. त्यात जोखमीशी जोडलेले फरक सापडले ते सहाव्या गुणसूत्रावर, रोगप्रतिकाराची जनुकं जिथं दाटीनं आहेत त्या भागात. मोलाची गोष्ट आहे. पण असे फरक घेऊन धडधाकट जगणारी माणसं कितीतरी असतात. त्यांनी शक्यता थोडी वर-खाली होते, निकाल लागत नाही. भाचीला काही त्रास नसेल तर तिची कसलीही तपासणी करू नका, आणि तिच्यासमोर हा विषयही काढू नका. उगाच पोरीच्या डोक्यात भीती बसते.

आता संशोधनाकडे. १९१५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हुन्नर यांनी काही बायकांच्या मूत्राशयात एक विशिष्ट प्रकारचा व्रण असल्याचं लिहिलं. वर्षानुवर्षं कळा, लघवीत जंतू नाहीत, आणि दुर्बिणीत भिंतीवर तो लाल चट्टा. पुढे त्याच तक्रारी असलेल्या पण चट्टा नसलेल्या बायकाही त्याच नावाखाली आल्या, आणि संख्येनं त्याच जास्त निघाल्या. शंभर वर्षं दोन्ही गट एकाच टोपलीत राहिले. औषधांच्या चाचण्याही बहुतेक दोघांना एकत्र धरूनच झाल्या, आणि एकाला लागू पडलेलं दुसऱ्याला पडेना म्हणून निकाल धूसर येत राहिले. आपल्याकडेही हेच चालतं: कुणाच्या जावेला एका औषधानं गुण आला म्हणून तेच मागायला येतात.

पुढे रेणूंच्या पातळीवर शोध सुरू झाला. २००४ साली मेरीलँडच्या सुसान के आणि सहकाऱ्यांनी पेशंटच्या लघवीतला एक पदार्थ ओळखला. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची साखळी आणि तिला जोडलेली शर्करा, जी मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशींची वाढ रोखते. अस्तराची झीज भरून येत नाही, लघवीतले क्षार आत झिरपतात, चेता (संवेदना नेणाऱ्या नसा) चिडतात, अशी साखळी जुळत होती. लघवीची साधी टेस्ट आता येणारच असं तेव्हा वाटत होतं. वीस वर्षं उलटली, दवाखान्यात वापरता येईल अशी टेस्ट काही आली नाही. कुणी तुम्हाला ‘संशोधनानं सिद्ध झालंय’ म्हणालं की ही गोष्ट आठवा. सिद्ध होणं आणि उपयोगात येणं यांमध्ये फार मोठं अंतर असतं.

२००९ साली स्वित्झर्लंडमधल्या एका गटानं व्रण असलेल्या पेशंटच्या मूत्राशयाची ऊती घेऊन एकाच वेळी हजारो जनुकांची अभिव्यक्ती मोजली. ठळकपणे वाढलेली दिसली ती रोगप्रतिकारक पेशींची, बी आणि टी पेशींची जनुकं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या वेक फॉरेस्टच्या गटानं पेशंटची विभागणी वेगळ्या पद्धतीनं केली: भूल दिल्यावर मूत्राशयात किती पाणी मावतं त्यावरून. ज्यांचं मूत्राशय आकसलेलं होतं त्यांच्यात दाहाची जनुकं जोरात होती. ज्यांच्यात पाणी नीट मावत होतं त्यांची अभिव्यक्ती वेगळी. मग टोकियोच्या गटानं आधी दाखवलं की हुन्नर प्रकारात भिंतीत बी पेशींची गर्दी असते, अस्तर सोलवटून गेलेलं असतं, आणि त्या बी पेशींत बरेचदा एकाच पेशीपासून वाढलेले गट असतात. २०१९ साली त्यांनीच सगळा आरएनए वाचून निष्कर्ष मांडला तो असा: हुन्नर प्रकार सरळ वेगळा पडतो, आणि व्रण नसलेल्या पेशंटची मूत्राशयाची ऊती निरोगी माणसाच्या ऊतीपासून वेगळी ओळखू येत नाही.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. याचा अर्थ दुसऱ्या गटाचं दुखणं खोटं असा अजिबात नाही. त्यांच्या दुखण्याचा उगम त्या भिंतीच्या तुकड्यात नसावा, तो वेदनेच्या वहनात, मज्जासंस्थेत, ओटीपोटाच्या तळाच्या आखडलेल्या स्नायूंत शोधायला हवा. अमेरिकेत २००८ पासून चाललेल्या ‘मॅप’ नावाच्या मोठ्या प्रकल्पातही हेच पुढे आलं. काहींना फक्त ओटीपोटात दुखतं, तर काहींना सोबत पाठ, डोकं, जबडा, आतडी अशी अंगभर दुखणी असतात, आणि दुसऱ्या गटाची वाटचाल वेगळी होते. तुमच्या बहिणीला इतर कुठं दुखतं का हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारून घ्या, कारण ते फुकटात कळतं आणि खूप सांगून जातं.

मिरचीचा मुद्दा इथं काढतो, कारण खान्देशी घरात तो निघतोच. मिरचीतल्या तिखट द्रव्याला ओळखणारा टीआरपीव्ही१ नावाचा ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, चेतातंतूंवर असतो. तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. नंदुरबारच्या मिरची पथारीवर सीझनमध्ये गेलात तर नाका-डोळ्यांना जे झोंबतं ते याच ग्राहकामुळे, आणि मूत्राशयाच्या चेतांवरही तोच असतो. अशा पेशंटच्या मूत्राशयात हा ग्राहक असलेले तंतू वाढलेले दिसले. मग सरळ तर्क असा की त्या तंतूंना बधिर करा, दुखणं जाईल. मिरचीच्या द्रव्याचाच हजारपट जहाल भाऊ, रेझिनिफेराटॉक्सिन, मूत्राशयात घालून पाहिला. २००५ मध्ये त्या चाचणीचा निकाल आला, आणि नुसत्या द्रावणापेक्षा तो काही सरस ठरला नाही. एखादं जनुक किंवा ग्राहक वाढलेला दिसणं म्हणजे आजाराचं कारण सापडणं नव्हे. तो परिणामही असू शकतो, नुसता साक्षीदारही.

प्रयोगशाळेतून हे कसं दिसतं तेही सांगतो, म्हणजे ‘एवढं संशोधन झालं तर टेस्ट का नाही’ याचं उत्तर मिळेल. दुर्बिणीतून चिमटा घालून अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा. तो चिमट्यातून सुटला की लगेच आरएनए टिकवणाऱ्या द्रावणाच्या नळीत गेला पाहिजे. नेहमीच्या बायोप्सीसारखा फॉर्मेलिनमध्ये टाकला की आरएनएचे तुकडे होतात. आरएनए फार नाजूक. तो कापणारी विकरं आपल्या बोटांच्या कातडीवरसुद्धा असतात, म्हणून हातमोजे घालूनही नळीचं झाकण आतून शिवायचं नाही. मग उणे ८० अंशांचा फ्रीजर. आपल्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंश आणि त्यात लाइट गेलेली, त्या फ्रीजरवर जनरेटरचा कान लावून बसावं लागतं. पुढे यंत्र आरएनएच्या शाबूतपणाला १ ते १० गुण देतं, आणि सातच्या खालचे नमुने सहसा बाजूला ठेवतात. इतकं करून मेहनतीनं घेतलेले काही नमुने बादच होतात.

आणि तुलना कुणाशी करायची? निरोगी बाई मूत्राशयाचा तुकडा द्यायला कशाला येईल? बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कारणासाठी, उदाहरणार्थ खोकल्यावर लघवी सुटते म्हणून, शस्त्रक्रियेला आलेल्या बायकांचे नमुने घेतात. म्हणजे ‘निरोगी’ गटही पुरता निरोगी नसतो. त्यात कुणी तुकडा मूत्राशयाच्या माथ्यावरून घेतो, कुणी तळाच्या त्रिकोणातून; कुणी पाण्यानं ताणण्याआधी, कुणी नंतर. पेशंट मोजके आणि जनुकं २०,०००. निव्वळ योगायोगानं वीसात एक जनुक ‘वेगळं’ दिसेल अशी कसोटी लावली, तरी काहीही आजार नसताना हजार जनुकं वेगळी दिसतील. त्यावर संख्याशास्त्राचे उपाय आहेत, चांगले संशोधक ते करतात, पण जाहिरातीच्या पत्रकात ‘शेकडो जनुकांत बदल’ एवढंच छापलं जातं.

याहून अवघड एक गोष्ट आहे. नंदुरबारच्या बाजार समितीबाहेर उभं राहून आतला गोंगाट मोजला आणि तो कालच्यापेक्षा दुप्पट निघाला, तर प्रत्येक जण दुप्पट ओरडतोय की माणसंच दुप्पट आलीत, हे बाहेरून कळत नाही. ऊतीच्या तुकड्याचं तसंच. बी पेशींची जनुकं वाढलेली दिसली ती एकेक पेशी बदलली म्हणून, की बी पेशी जास्त गोळा झाल्या म्हणून? अख्खा तुकडा वाटून आरएनए काढला तर हे वेगळं करता येत नाही. एकेका पेशीचा आरएनए स्वतंत्र वाचण्याचं तंत्र आता आलंय आणि तिथून पुढची उत्तरं येतील असं मला वाटतं, पण ते काम अजून प्रयोगशाळेतच आहे. बायोप्सीशिवाय भागावं म्हणून लघवीत उतरलेल्या पेशींचा आरएनए वाचण्याचेही प्रयत्न झाले, २०१२ मध्ये त्यावर अभ्यासही आला. दिशा चांगली आहे. तरीही आजच्या घडीला कुठल्याही मान्य मार्गदर्शक तत्त्वांत या आजाराच्या निदानासाठी जनुकीय चाचणी सांगितलेली नाही, रक्ताची नाही, लघवीची नाही आणि ऊतीचीही नाही.

मग या सगळ्या खटाटोपाचा तुमच्या बहिणीला उपयोग काय? माझ्या मते मोठा आहे, आणि तो बावीस हजारांच्या टेस्टमधून मिळणार नाही. जनुकांनी दाखवलेली मुख्य फाळणी, हुन्नर प्रकार एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे, ती डोळ्यांनी दिसते. दुर्बीण घालून नीट पाहिलं की कळतं. तो चट्टा दिसायला असा असतो: लालसर मखमली भाग, मधे फिकट व्रणासारखी खूण, तिच्याकडे चहूकडून बारीक रक्तवाहिन्या धावत आलेल्या, कधी वर पांढुरकी साय चिकटलेली. पाणी भरत गेलं की तो भाग ताणाखाली फाटतो आणि त्यातून रक्ताचे पडदे खाली ओघळायला लागतात. एकदा पाहिला की विसरत नाही. पण घाईत, मूत्राशय अर्धवट भरून, पेशंट कळवळत असताना पाहिलं तर निसटतोही. बहिणीची दुर्बिणीची तपासणी झाल्याचं तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही. झाली नसेल तर पैसे तिथं घाला.

त्याआधी काही गोष्टी नक्की वगळायला हव्यात. ‘स्वच्छ’ म्हणजे काय ते रिपोर्टवर पाहा. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत पण पू पेशी मात्र आहेत, असं असेल तर मूत्रमार्गाच्या क्षयाचा विचार आपल्याकडे सोडता येत नाही. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचे नमुने वेगळे तपासायला लागतात, नेहमीच्या कल्चरमध्ये तो जंतू वाढत नाही. क्षयानंही मूत्राशय आकसतं आणि लक्षणं अगदी अशीच दिसतात. लघवीत रक्ताच्या पेशी असतील, आणि बाई मिसरी लावत असेल किंवा तंबाखू खात असेल, तर कर्करोगाच्या पेशींसाठी लघवी तपासायची. मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाशी अडकलेला खडा सोनोग्राफीत निसटतो. खान्देशात खड्यांचं प्रमाण बघता तोही पाहावा. गर्भाशय काढलं तेव्हाचा पॅथॉलॉजीचा कागद शोधून ठेवा, त्यात एन्डोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा) उल्लेख असेल तर चित्र बदलतं. हे सगळं नसेल आणि त्रास सहा आठवड्यांपेक्षा जास्त असेल, तर मूत्राशय वेदना संलक्षण, म्हणजे तुम्हाला सांगितलेलं इंटरस्टिशियल सिस्टायटिसच, हे निदान करता येतं. त्याला जनुकाचा कागद लागत नाही.

दुर्बिणीत चट्टा सापडला तर एका अर्थी नशीब. तो जाळता येतो किंवा त्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं, आणि बऱ्याच बायकांना पुढचे कितीतरी महिने आराम पडतो. परत होतो, परत करावं लागतं, हे आधीच सांगून ठेवतो. चट्टा नसेल तर रस्ता लांबचा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, रात्री अमिट्रिप्टिलीन कमी मात्रेत, मूत्राशयात सोडायची औषधं, लघवी धरण्याचा वेळ हळूहळू वाढवणं. काय आधी, काय नंतर हे वय, इतर दुखणी, झोप, बद्धकोष्ठ यांवर ठरतं. अमिट्रिप्टिलीन नैराश्याचं औषध म्हणून मेडिकलवाला सांगेल आणि घरात पुन्हा ‘मनाचं आहे’ सुरू होईल; इथं ते चेतांच्या वेदनेसाठी देतात हे सासरच्यांना तुम्हीच समजावून सांगा. पेन्टोसान हे औषध कुणी लिहून दिलं तर सुरुवातीलाच डोळ्याचा पडदा तपासून घ्या. ते वर्षानुवर्षं घेतलेल्या काही पेशंटच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचं २०१८ मध्ये पुढे आलं आणि २०२० पासून अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकावर तशी सूचना आहे. अँटिबायोटिकचे कोर्स मात्र कल्चरमध्ये जंतू आल्याशिवाय आता बंद. त्यांनी फायदा तर नाहीच, उद्या खरंच जंतू आले तर औषध उरायचं नाही.

घरगुती बाजू. ठेचा, शेवभाजी, काळ्या मसाल्याची रस्सा भाजी हे सगळं एकदम तोडायला लावणारे डॉक्टर मी पाहिलेत. आठवडाभरात बाई वरणभाताला कंटाळते आणि सगळंच सोडते. काहींना तिखट बाधतं, काहींना चहा, लिंबू किंवा टोमॅटो, काहींना यातलं काहीच नाही. दोन आठवडे साधं जेवून एकेक पदार्थ परत आणायचा आणि लिहून ठेवायचं. आपल्याकडे मला जास्त दिसतो तो पाण्याचा प्रश्न. एसटीत किंवा शेतात जायची सोय नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात लघवी इतकी दाट होते की धड मूत्राशयालाही झोंबते, आणि त्याला ‘उन्हाळी लागली’ म्हणून सोडून देतात. दुखऱ्या मूत्राशयाला तर ती सोसतच नाही. दिवसभर थोडं थोडं पाणी, एकदम तांब्याभर नको. सब्जा, धन्याचं पाणी घ्यायला माझी हरकत नाही, फक्त त्यात लिंबू पिळू नका.

आणि तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगा: किती वाजता गेली, किती मिली झाली, दुखणं दहापैकी किती. एक मापाचं प्लास्टिकचं भांडं पुरतं. दर वेळी १०० मिलीच्या आसपासच होत असेल आणि रात्रीही तेवढंच, तर आकसलेल्या मूत्राशयाचा संशय येतो. भूल दिल्यावर साधारण ४०० मिलीसुद्धा मावलं नाही तर तो पक्का होतो, आणि वर सांगितलेल्या वेक फॉरेस्टच्या गटाचं काम अशा वेळी आम्हाला खरंच कामी येतं. सकाळी एकदम ३५०-४०० मिली होत असेल तर आम्ही स्नायू आणि चेतांकडे आधी बघतो.

तुम्ही शेवटी विचारलंत की संशोधनासाठी बहिणीचा नमुना देता येईल का. देता येतो, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा संस्थेत असा अभ्यास चालू असेल तर. पण तिथं नैतिकता समितीची मान्यता असते, संमतिपत्र तिला कळेल अशा भाषेत समजावून सांगावं लागतं, कधीही माघार घेता येते, आणि संशोधनासाठी केलेल्या तपासणीचे पैसे तिच्याकडून घेत नाहीत. ‘संशोधनात सहभागी व्हा’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तो विक्रेता समजा. त्यातून तिला स्वतःला रिपोर्ट मिळेल ही अपेक्षाही ठेवू नका.

दुर्बिणीची तपासणी अमळनेरहून धुळ्याला करा किंवा जळगावला, सोयीचं असेल ते. तारीख घेताना डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: भूल देऊन मूत्राशय पाण्यानं पूर्ण भरून बघणार का, आणि चट्टा दिसला तर त्याच बैठकीत उपचार करणार का. दुसऱ्याला ‘हो’ म्हणाले तर संमतिपत्रावर ते आधीच लिहून घ्या, नाहीतर भुलीतली बाई सही कशी करणार, म्हणून नुसतं बघून बाहेर येतात आणि महिन्याभरानं पुन्हा तोच सगळा खर्च होतो.